खाणपट्ट्यातील लघुउद्योग : कंपन्यांची मदत कोठे पोहोचते, कोठे अडते

बंगळुरू : या शहरात लोहखनिजाची एकही खाण नाही, तरीही कर्नाटकातील खाणींविषयीचे बहुतेक निर्णय येथेच होतात. रेसकोर्स मार्गावरील खनिज भवनात राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागाचे मुख्यालय आहे. केंद्र सरकारच्या मालकीच्या केआयओसीएल या कंपनीचे मुख्यालय कोरमंगल भागात आहे. रायचूर जिल्ह्यातून सोने काढणाऱ्या हट्टी गोल्ड माइन्स कंपनीचा प्रशासकीय कारभारही बंगळुरूतूनच चालतो. बळ्ळारी जिल्ह्यातील संडूरच्या टेकड्या येथून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहेत. खनिज तेथून निघते, खरेदीच्या मागणीपत्रावर सही येथे होते, आणि या दोन ठिकाणांमधील अंतरात खाणीच्या शेजारी राहणाऱ्या लहान उद्योजकाचे भवितव्य अडकलेले असते.

खाण सुरू झाली की गावाला रोजगार मिळेल, हे आश्वासन जुने आहे. मात्र उत्खननाचे यांत्रिकीकरण जसजसे वाढत गेले, तसतसे त्या आश्वासनातील प्रत्यक्ष नोकऱ्यांचे प्रमाण घटत गेले. पूर्वी शेकडो हातांनी फोडलेला दगड आता एक उत्खनन यंत्र आणि काही डंपर उचलतात. त्यामुळे गेल्या काही दशकांत चर्चेचा रोख नोकरीकडून उद्योगाकडे वळला आहे. कंपनीला लागणारे गणवेश, उपाहारगृहातील भाजी, वाहनांची दुरुस्ती, यंत्रांचे सुटे भाग, कार्यालयांची स्वच्छता आणि रोपवाटिकेतील रोपे परिसरातील माणसांनी पुरवली, तर खाणीचा पैसा काही प्रमाणात तरी गावात फिरेल, असा हा विचार आहे. तो योग्यच आहे. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा, आणि त्याहून अधिक, खाण थांबल्यानंतर या उद्योगांचे काय होते, याचा.

खाण कंपनीकडून स्थानिक उद्योगांकडे येणारा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट खरेदीची, दुसरी कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीची आणि तिसरी कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची. या तिन्ही वाटा अनेकदा एकत्र करून सांगितल्या जातात; वार्षिक अहवालांत तर हमखास. प्रत्यक्षात त्यांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. खरेदी हा व्यवहार आहे, दायित्व निधी कंपनीच्या निर्णयाने खर्च होतो, आणि प्रतिष्ठानातील पैसा कंपनीने भरलेला असला तरी तो सार्वजनिक पैसा असतो.

संडूरचा धडा

मराठी वाचकाला संडूर अगदीच परके वाटू नये. जुन्या मराठी लेखनात ‘सोंडूर’ या नावाने येणारे हे संस्थान सेनापती संताजी घोरपडे यांच्याच घराण्याच्या एका शाखेचे होते. कानडी मुलुखातील हे छोटे मराठा संस्थान स्वातंत्र्यानंतर विलीन झाले. लोहखनिज आणि मँगेनीजने समृद्ध असलेल्या या टेकड्यांत १९५४ मध्ये संडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स ही कंपनी स्थापन झाली. संस्थानिक घराण्यानेच ती उभी केली. त्याच घराण्यातील एम. वाय. घोरपडे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री आणि नंतर ग्रामविकास व पंचायत राज मंत्री झाले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

खाणींच्या या परिसरात लंबाणी, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना आपण बंजारा म्हणतो त्या समाजाचे तांडे आहेत. आरसे, कवड्या, रंगीत दोरा आणि जुन्या कापडाचे तुकडे जोडून केलेले त्यांचे भरतकाम प्रसिद्ध असले, तरी ते घरापुरते आणि लग्नकार्यापुरते होते. बाजारासाठी ते कोणी करीत नसे. १९८० च्या दशकात घोरपडे कुटुंबाच्या पुढाकाराने संडूर कुशल कला केंद्र सुरू झाले आणि खाणीच्या परिसरातील लंबाणी स्त्रियांना या कलेतून नियमित मजुरी मिळू लागली. पुढे ‘संडूर लंबाणी भरतकाम’ या नावाने या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे झालेल्या जी-२० गटाच्या संस्कृतीविषयक बैठकीच्या वेळी या केंद्राशी संबंधित ४५० हून अधिक स्त्रियांनी तयार केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडण्यात आल्या. लंबाणी वस्तूंचे जगातील सर्वांत मोठे प्रदर्शन म्हणून गिनेस विक्रमांत त्याची नोंद झाली.

विक्रमाच्या बातमीत एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. हे भरतकाम खाणीला लागत नाही. त्याचे ग्राहक बंगळुरू, दिल्ली आणि परदेशांतील आहेत. खाण कंपनीची देयके थकली, निर्यात बंद झाली किंवा न्यायालयाच्या आदेशाने उत्खनन थांबले, तरी कापडावरील टाका थांबण्याचे कारण उरत नाही. खाणीजवळ राहणे आणि खाणीवर अवलंबून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्थानिक उद्योगांना मदत करणाऱ्या योजना आखताना हा फरक फारच क्वचित लक्षात घेतला जातो.

तो किती महत्त्वाचा आहे, हे याच तालुक्यात २०११ मध्ये दिसून आले. त्या दशकात चीनमधून आलेल्या प्रचंड मागणीमुळे बळ्ळारीच्या लोहखनिजाचे भाव भडकले होते. शेती विकून किंवा गहाण ठेवून, वित्तीय कंपन्यांकडून कर्ज काढून अनेकांनी ट्रक आणि टिपर घेतले. रस्त्याकडेला गॅरेज, टायरची दुकाने आणि चालकांसाठी खाणावळी उभ्या राहिल्या. सरकारी व्याख्येनुसार हे सारे सूक्ष्म उद्योगच. पाठोपाठ बेकायदा उत्खननाचा प्रश्न ऐरणीवर आला. लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा अहवाल जुलै २०११ मध्ये सादर झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतील उत्खनन थांबविले. ऑगस्टमध्ये चित्रदुर्ग आणि तुमकूरु जिल्ह्यांनाही हा आदेश लागू झाला. पर्यावरणाच्या दृष्टीने तो आदेश आवश्यकच होता. परंतु ट्रकच्या हप्त्याची तारीख न्यायालयाच्या आदेशाने पुढे जात नाही. उभे राहिलेले ट्रक वित्तीय कंपन्यांनी ओढून नेले आणि ज्यांनी बेकायदा उत्खननातून काहीच मिळविले नव्हते, त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची उल्लंघनाच्या प्रमाणानुसार अ, ब आणि क अशी वर्गवारी मान्य केली. क वर्गातील पट्टे रद्द झाले, उरलेल्यांना अटी घालून आणि उत्पादनाची मर्यादा ठरवून परवानगी देण्यात आली. त्यानंतरही अनिश्चितता पूर्णपणे संपली नाही. केंद्र सरकारच्या एनएमडीसी कंपनीची संडूर तालुक्यातील दोणिमलै खाण पट्ट्याच्या नूतनीकरणाच्या अटींवरून राज्य सरकारशी झालेल्या वादामुळे नोव्हेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०२१ या काळात बंद होती. अशा काळात मोठी कंपनी दुसऱ्या राज्यातील खाणींवर तग धरते. तिच्यासाठी केवळ पाणी पुरविणाऱ्या टँकरमालकाला दुसरे राज्य नसते.

खरेदीचे गणित

स्थानिक उद्योगाला सर्वाधिक बळ देण्याची क्षमता खरेदीत आहे, कारण ती दरवर्षी होते आणि तिच्या रकमा दायित्व निधीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. या बाबतीत सार्वजनिक आणि खासगी कंपन्यांना वेगवेगळे नियम आहेत.

सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीचे सार्वजनिक खरेदी धोरण २०१२ पासून लागू झाले. त्यानुसार केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घेणे बंधनकारक आहे. हा हिस्सा आरंभी २० टक्के होता, २०१८ मध्ये तो २५ टक्के करण्यात आला. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी राखीव आहेत. एनएमडीसी, केआयओसीएल, नागपूरची मॉयल, वेस्टर्न कोलफील्ड्स या सर्वांना हा नियम लागू होतो.

त्याची रीत उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका सार्वजनिक खाण कंपनीने सुरक्षा बुटांसाठी निविदा काढली आणि एका मोठ्या उत्पादकाने सर्वांत कमी, म्हणजे १०० रुपये एकक दर दिला. त्याच निविदेत एखाद्या लघुउद्योगाचा दर ११५ रुपयांपर्यंत असेल, तर त्याला आपला दर १०० रुपयांवर आणण्याची संधी दिली जाते. तो तयार झाला, तर मागणीचा किमान २५ टक्के हिस्सा त्याला मिळतो. निविदेचा अर्ज त्याला विनामूल्य मिळतो आणि अनामत रकमेतूनही सूट असते. कागदावर ही तरतूद उदार वाटते. परंतु १५ रुपये दर कमी करूनही ज्याला परवडते, त्याच्याच ती उपयोगाची आहे. शिवाय हे धोरण वस्तूंचे उत्पादक आणि सेवा देणारे यांच्यासाठी आहे. बांधकामाची कंत्राटे आणि नुसता व्यापार करणारे त्यात येत नाहीत. खाणीच्या गावातील पहिला उद्योजक बहुधा व्यापारी किंवा लहान बांधकाम ठेकेदारच असतो. त्यामुळे नेमका तोच या दारातून आत येऊ शकत नाही.

याहून मोठी उणीव अशी की, या धोरणात ‘लघु’ आहे, पण ‘स्थानिक’ नाही. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना लघुउद्योगच असतो. त्याच्याकडे यंत्रे असतात, कुशल कामगार असतात आणि निविदा भरणारा माहीतगार असतो. संडूरच्या खाणीतील पंपाचा सुटा भाग त्याने पुरवला, तर नियमाचे पालन पूर्ण होते. संडूरला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. येथे पीण्याचा दोष नाही. त्या वसाहतीने आपली गुणवत्ता अनेक दशकांच्या मेहनतीने मिळविली आहे. परंतु २५ टक्क्यांचा आकडा पाहून खाणपट्ट्यात उद्योग वाढत असल्याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

खासगी कंपन्यांवर तर असे कोणतेही टक्केवारीचे बंधन नाही. त्यांच्यातील काहींनी स्वतःहून स्थानिक पुरवठादारांच्या याद्या केल्या आहेत, लहान कामांसाठी निविदांचे तुकडे पाडले आहेत. परंतु हे व्यवस्थापनाच्या इच्छेवर चालते. व्यवस्थापन बदलले की यादीही बदलू शकते.

काम मिळाल्यावरही अडचण संपत नाही. उलट खरी अडचण तेव्हाच सुरू होते. पैसे वेळेवर मिळत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा अधिक नसावी, असे बंधन आहे. लेखी करार नसेल, तर मुदत केवळ १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्याच्या सुविधा परिषदा आहेत. तरीही लहान पुरवठादार तक्रार करायला कचरतो, कारण पुढची निविदाही त्याच कंपनीची असते. परिसरात ग्राहकच एक असेल, तर त्याच्याविरुद्ध दाद मागणे म्हणजे स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावण्यासारखे होय.

हा पेच ओळखूनच २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात नवी तरतूद आणली. या उद्योगांची देणी मुदतीत चुकती केली नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे पुरवठादाराने तक्रार न करताही विलंबाची झळ खरेदीदाराला बसावी, अशी ही रचना आहे. त्याच्या जोडीला, थकीत देयकांवर वित्तसंस्थांकडून आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक मंचावर २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनी नोंदणी करणे सक्तीचे झाले आहे. मात्र नोंदणी करणे आणि देयक त्या मंचावर स्वीकारणे यात अंतर आहे. कंपनीने देयक मान्य केल्याखेरीज त्यावर पैसे मिळत नाहीत.

निधी आहे, उद्योग कोठे?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक आहे. ज्या परिसरात कंपनीचे काम चालते त्याला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. उपजीविका वाढविणारे उपक्रम आणि व्यावसायिक कौशल्ये यांचा समावेश मान्य कामांच्या यादीत आहे. शिवणकाम, संगणक, वाहनचालन, मेणबत्ती, पापड अशा प्रशिक्षणांची छायाचित्रे वार्षिक अहवालांत दिसतात, ती या निधीतून.

शिवणयंत्र दिल्याने शिवणाचा व्यवसाय उभा राहतो, असे मात्र नाही. त्यासाठी कापड उधारीवर मिळावे लागते, गिऱ्हाईक लागते आणि पहिल्या सहा महिन्यांचा तोटा सोसण्याची ताकद लागते. प्रशिक्षण देणाऱ्या खात्याने आणि खरेदी करणाऱ्या खात्याने एकमेकांशी बोलणे, हा यावरचा साधा उपाय आहे. बचत गटातील ज्या स्त्रियांना कंपनीच्या एका विभागाने शिवण शिकविली, त्यांच्याकडूनच दुसऱ्या विभागाने कामगारांचे गणवेश शिवून घ्यावेत. परंतु एक विभाग दायित्व समितीला उत्तरदायी असतो, तर दुसरा कमीत कमी दराला. दोघांची टेबले एकाच इमारतीत असूनही त्यांच्यात कागद फिरत नाही, हे चित्र केवळ कर्नाटकापुरते नाही.

तिसरी वाट जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची. खाण व खनिजे कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित प्रत्येक जिल्ह्यात असे प्रतिष्ठान स्थापन करण्यास सांगितले. लिलावाने पट्टा मिळालेल्या कंपनीने आपल्या स्वामित्वधनाच्या १० टक्के, तर त्यापूर्वीच्या पट्टेदाराने ३० टक्के इतकी अतिरिक्त रक्कम प्रतिष्ठानात भरावयाची असते. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेनुसार हा पैसा खर्च होतो. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी त्यातील किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, कौशल्यविकास आणि उपजीविका यांसारख्या उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. यापूर्वी ते प्रमाण ६० टक्के होते.

यादीत उपजीविका आहे, परंतु खर्चात ती मागे राहते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने विविध राज्यांतील प्रतिष्ठानांच्या कामाचा आढावा घेऊन बांधकामाकडे असलेला कल वारंवार निदर्शनास आणला आहे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. समाजमंदिराची इमारत वर्षभरात उभी राहते, तिचे उद्‌घाटन करता येते, मोजमाप पुस्तकात नोंद करता येते. एखाद्या गावात वीस लहान व्यवसाय तग धरतील अशी व्यवस्था उभी करायला पाच-सात वर्षे लागतात आणि त्यातील काही व्यवसाय बुडणारच असतात. बुडालेल्या व्यवसायाचा लेखापरीक्षणात खुलासा कोण करणार?

बळ्ळारी, चित्रदुर्ग आणि तुमकूरु या जिल्ह्यांत याशिवाय आणखी एक मोठा निधी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून दंड, जप्त खनिजाची विक्री आणि पट्टेदारांच्या विक्रीमूल्यातील ठरावीक हिस्सा एकत्र करण्यात आला. तो खर्च करण्यासाठी राज्य सरकारने कर्नाटक खाण पर्यावरण पुनर्स्थापना महामंडळ स्थापन केले. खाणबाधित क्षेत्रासाठी तयार केलेल्या सर्वंकष योजनेचा आकार हजारो कोटी रुपयांचा आहे. २०२२ मध्ये न्यायालयाने ती मार्गी लावली आणि तिच्यावर देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांची नियुक्ती केली. संडूरसारख्या तालुक्यासाठी अशी संधी पुन्हा येण्याची शक्यता नाही. या पैशातून रस्ते, रेल्वेमार्ग, रुग्णालये व्हायलाच हवीत. पण त्या बांधकामांची लहान कामे कोण घेणार, त्यासाठी लागणाऱ्या विटा, फर्निचर, जेवण कोण पुरविणार, हा प्रश्न योजनेच्या पुस्तकात एका परिच्छेदापुरताही मोठा मानला जात नाही.

येथे एक विरोधाभासही समजून घ्यावा लागतो. धुळीमुळे पिके आणि फुप्फुसे दोन्ही काळवंडत होती, म्हणून खनिजाची वाहतूक रस्त्याऐवजी रेल्वे आणि वाहक पट्ट्यांवरून व्हावी, असा आग्रह धरण्यात आला. जेएसडब्ल्यू स्टीलने संडूर परिसरातील खाणींपासून तोरणगल्लू येथील पोलाद कारखान्यापर्यंत सुमारे २४ किलोमीटर लांबीचा बंदिस्त वाहक पट्टा उभारला आहे. पर्यावरणासाठी हे पाऊल निःसंशय चांगले आहे. परंतु हा पट्टा जितके खनिज वाहतो, तितक्या ट्रकच्या फेऱ्या कमी होतात. खाणपट्ट्यातील सर्वाधिक सहज सुरू होणारा व्यवसाय, म्हणजे एका ट्रकचा मालक-चालक, हळूहळू इतिहासजमा होणार आहे. त्याला दुसऱ्या कोणत्या व्यवसायात न्यायचे, याचा विचार पट्टा सुरू होण्यापूर्वी व्हायला हवा होता.

खाण संपते तेव्हा

बंगळुरूपासून सुमारे १०० किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स आहे. जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० मध्ये येथे काम हाती घेतले. १९०२ मध्ये शिवनसमुद्राच्या जलविद्युत केंद्रातून येथे वीज आली, ती बंगळुरू शहराच्या रस्त्यांवर दिवे लागण्याआधी. तीन किलोमीटरपेक्षा अधिक खोल गेलेल्या या खाणी २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाल्या. शंभरहून अधिक वर्षे कंपनीने घर दिले, दवाखाना दिला, वीज-पाणी दिले. रॉबर्टसनपेठ आणि अँडरसनपेठेतील बाजार कामगारांच्या पगारावर चालत असे. पगार थांबला आणि बाजारही रोडावला. आज मारिकुप्पमहून पहाटे सुटणाऱ्या गाड्यांनी हजारो माणसे कामासाठी बंगळुरूला येतात आणि रात्री परततात. त्यांच्या आजोबांना कंपनीने सर्व काही दिले होते. स्वतःचा उद्योग उभारण्याची वेळ मात्र त्यांच्यावर येऊ दिली नव्हती.

त्याच गावात एक अपवाद आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बीईएमएल या सार्वजनिक कंपनीचा कारखाना येथे बुलडोझर आणि अन्य अवजड यंत्रे बनवितो, आणि सोन्याच्या खाणी बंद झाल्यानंतरही तो चालू राहिला. खनिज संपले तरी खाणकामाची यंत्रे जगभर लागतात. त्या यंत्रांचे कौशल्य गावातच राहू शकते. चिक्कमगळूरू जिल्ह्यातील कुद्रेमुख येथे असे काही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००५ च्या अखेरीस तेथील उत्खनन थांबले आणि जंगलात कंपनीने वसविलेले नगर रिकामे होत गेले.

गोव्याचा अनुभव मराठी वाचकांना अधिक जवळचा. २०१२ मध्ये तेथील उत्खनन थांबले तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील ट्रकमालकांबरोबर मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिज वाहणारे बार्जमालक, गॅरेजवाले आणि खाणावळी चालविणारेही अडचणीत आले. काम पुन्हा सुरू झाले, तोवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. राज्य सरकारला कर्जदारांसाठी सवलतीच्या योजना आणाव्या लागल्या. ट्रक विकत घेण्यासाठी प्रोत्साहन देणारे पुष्कळ होते. त्या ट्रकमधून खनिजाखेरीज आणखी काय वाहता येईल, हे सांगणारे कोणी नव्हते.

विदर्भातही हा प्रश्न येऊ घातला आहे. गडचिरोलीतील सुरजागड येथून लोहखनिज निघू लागल्यानंतर कोनसरी येथे प्रकल्प उभा राहिला. तेथील कामगारांना कंपनीचे समभाग देण्याचा प्रयोगही झाला. मालकीत वाटा देणे ही नोकरीपेक्षा वेगळी आणि स्वागतार्ह कल्पना आहे. पण समभाग म्हणजे व्यवसाय नव्हे. मोहफुले, बांबू आणि तेंदूपाने यांवर आधारलेल्या ज्या व्यवसायांना खाणीपूर्वीही बाजार होता, त्यांना खाणीमुळे आलेल्या रस्त्यांचा आणि विजेचा किती लाभ होतो, हे पुढील काही वर्षांत तपासावे लागेल.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतात. दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकन कंपनीने १९८९ मध्ये झिमेले हा उपक्रम सुरू केला. तेथील भाषांत या शब्दाचा आशय ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ असा आहे. कंपनीने देणगी देण्याऐवजी लहान व्यवसायांना कर्ज आणि भांडवल पुरविले, सोबत हिशेब आणि व्यवस्थापनाचे मार्गदर्शन दिले आणि पुढे खाणीशी संबंध नसलेल्या व्यवसायांनाही त्यात सामावून घेतले. चिलीमध्ये २००८ च्या सुमारास बीएचपीने वेगळीच रीत अवलंबिली. तांब्याच्या खाणींत भेडसावणाऱ्या अडचणी कंपनीने स्थानिक पुरवठादारांपुढे मांडल्या आणि त्यांच्याकडूनच उपाय मागविले. सरकारी मालकीची कोडेल्को कंपनीही नंतर त्यात सामील झाली. तयार उपाय पुढे दुसऱ्या खाणींना विकण्याची मुभा पुरवठादारांना होती. सर्वच प्रयत्न यशस्वी झाले असे नाही. परंतु ‘आम्हाला अमुक वस्तू अमुक दरात द्या’ याऐवजी ‘आमची अमुक अडचण सोडवा’ असे म्हणण्याने पुरवठादाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. पीण्यातील कारागीर आणि संडूरमधील तरुण यांना एकत्र आणून असा प्रयोग करायला बंगळुरूइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल.

कायद्याच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा अद्याप चर्चेत आलेला नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्ट्याची मुदत ५० वर्षांची असते आणि ती संपल्यावर पट्ट्याचा लिलाव होतो. लिलावात नवा मालक येऊ शकतो. जुन्या मालकाला मिळालेल्या पर्यावरणविषयक आणि वनविषयक परवानग्या नव्या मालकाकडे आपोआप जाव्यात, उत्पादन एक दिवसही थांबू नये, यासाठी संसदेने २०२० मध्ये खास तरतूद केली आणि पुढील वर्षी तिची व्याप्ती वाढविली. वीस वर्षे त्या खाणीला भाजी, गणवेश आणि सुटे भाग पुरविणाऱ्यांची यादी नव्या मालकाने स्वीकारावी किंवा निदान विचारात घ्यावी, असे त्या तरतुदीत कोठेही म्हटलेले नाही. पट्टा बदलला की पुरवठादाराला पुन्हा पहिल्यापासून नोंदणी करावी लागते, पूर्वानुभवाचे दाखले जुन्या कंपनीकडून मिळवावे लागतात आणि उरलेली थकबाकी कोणाकडे मागायची, हेही शोधावे लागते. येत्या वर्षांत देशातील अनेक जुन्या पट्ट्यांची मुदत संपणार आहे. त्यांच्या लिलावाच्या अटी लिहिण्याचे काम राज्य सरकारांच्या हाती आहे. कर्नाटकापुरते ते खनिज भवनातच होईल.